पूर्ण वाटा, श्रमाचा वाटा की निवडीची पेटी? सामुदायिक सेंद्रिय शेताचे सभासद होण्यापूर्वी

सभासदांच्या आधारावर चालणाऱ्या लहान सेंद्रिय शेताशी जोडून घ्यायचे ठरवले, की बहुधा तीन प्रकारचे करार समोर येतात. पहिल्यात संपूर्ण हंगामाची रक्कम पेरणीपूर्वी भरायची आणि दर आठवड्याला शेतात जे तयार होईल त्याचा ठरलेला हिस्सा घ्यायचा; याला येथे पूर्ण वाटा म्हणू. दुसऱ्यात ती रक्कम काही अंशी किंवा सगळीच शेतावरील कामाने फेडायची. हा श्रमाचा वाटा. तिसऱ्यात थोडी रक्कम खात्यात जमा ठेवायची आणि त्या त्या आठवड्याच्या यादीतून हवे तेवढेच उचलायचे. ही निवडीची पेटी. माल तिन्हींत एकाच वाफ्यातून येतो. शेताच्या अडचणीचे आठवडे तुमच्यापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचतात, एवढाच खरा फरक आहे, आणि म्हणून निवड करताना भर हंगामातील ओसंडून वाहणाऱ्या टोपलीपेक्षा हंगामाची दोन्ही टोके आणि एखादे वाईट वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे, असे मला वाटते.

पूर्ण वाट्याच्या अटी नवख्याला कडक वाटतात. त्या तशा का आहेत, हे या पद्धतीच्या उगमाकडे पाहिले म्हणजे कळते. जपानमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली, आणि शेतकरी व ग्राहक यांच्यातील थेट संबंधाला तेथे ‘तेइकेई’ हे नाव रूढ झाले. १९७८ साली या संबंधाची दहा तत्त्वे मांडली गेली. काय पिकवायचे हे ग्राहकांशी आधी बोलून ठरवावे आणि त्याप्रमाणे पिकलेला सगळा माल ग्राहकांनी स्वीकारावा, ही त्यांतलीच दोन. पहिल्याने शेतकऱ्याला बांधले आहे, दुसऱ्याने ग्राहकाला. अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांनी ही वाट धरली, मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधील टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्म. यांपैकी दुसऱ्या शेताची रीत पाहण्यासारखी आहे: वर्षाचा अंदाजित खर्च सभासदांच्या बैठकीत मांडायचा, प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगायचा, आणि बेरीज खर्चाला पुरेपर्यंत बोलणे चालू ठेवायचे. येथे सभासद किलोच्या भावाने भाजी विकत घेत नाही, तो शेत वर्षभर चालते ठेवण्याचा आपला भाग उचलतो. हे ज्याला मनापासून पटत नाही त्याने पूर्ण वाटा घेऊ नये. तो पाचव्या आठवड्यात टोपलीचे वजन करू लागेल.

तशी वेळ हंगामाच्या आरंभीच येते. टोमॅटोचे रोप रोपवाटिकेत सहा ते आठ आठवडे असते, आणि शेतात लावल्यानंतर पहिले पिकलेले फळ हाती येईपर्यंत आणखी दोन ते अडीच महिने जातात. म्हणजे बियाणे, कंपोस्ट, ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती आणि मजुरी यांवरचा खर्च सुमारे चार महिने आधी सुरू झालेला असतो. पूर्ण वाट्याचे पैसे नेमके याच काळात उपयोगी पडतात, आणि निवडीच्या पेटीचे पैसे नेमके याच काळात नसतात किंवा फार थोडे असतात. त्यामुळे पेटी देणाऱ्या शेतकऱ्याला एक तर कर्ज काढावे लागते, किंवा तोच खर्च पुढे मालाच्या दरात मिळवावा लागतो. पेटीचा दर वाट्यापेक्षा चढा दिसला तर त्याचे हे एक कारण असते. दुसरीकडे, वाट्याची पहिली टोपली मात्र निराशा करते. पंचवीस-तीस दिवसांत येणारा मुळा, कोवळा पालक, सॅलडची पाने, कांद्याची पात. आकाराने मोठी, वजनाने हलकी. वर्षभराचे पैसे भरून हे काय मिळाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. कंदमुळे, भोपळे आणि फळभाज्या मागाहून येतात, आणि वाट्याचा हिशेब हंगामाअखेरीसच जुळतो. निवडीच्या पेटीत हा प्रश्न उद्भवत नाही. पहिले काही आठवडे ती घेतलीच नाही तरी कोणी विचारणार नाही.

भर हंगामात चित्र उलटते. काकडी, दोडका, भेंडी यांसारखी पिके रोज किंवा एक दिवसाआड तोडावी लागतात, कारण वेलावर राहिलेले फळ जून होते आणि वेल नवीन फळ धरणे कमी करतो. त्यामुळे शेतकरी तोडणी थांबवू शकत नाही, आणि तोडलेला माल कोठे तरी जावाच लागतो. पूर्ण वाट्यात तो तुमच्या घरी येतो. सलग चार आठवडे तीच फळभाजी प्रमाणाबाहेर आली तर ती वाळवणे, लोणच्यात घालणे, शिजवून गोठवणे किंवा शेजाऱ्यांना वाटणे, यांपैकी काहीतरी करण्याची तयारी घरात हवी. मागील तीन महिन्यांत तुमच्या घरातून किती भाजी सडून बाहेर गेली, हे एकदा प्रामाणिकपणे आठवावे; पूर्ण वाटा झेपेल की नाही, हे शेताच्या माहितीपत्रकापेक्षा या उत्तरावरून अधिक कळते. साठवण नीट असेल तर बरेच काही वाचते. पालेभाजी धुऊन निथळून, बंद डब्यात थंड जागी ठेवावी, कारण ती कोमेजते ती मुख्यतः पाणी उडून गेल्यामुळे. टोमॅटो मात्र फ्रीजबाहेर पिकू द्यावेत, कारण साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांची चव उतरते, आणि पिकत्या टोमॅटोतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची पाने पिवळी पडतात म्हणून ते पालेभाजीजवळ ठेवू नयेत. बटाटा अंधारात आणि कांदा कोरड्या, वाऱ्याच्या जागी, दोन्ही वेगवेगळे ठेवावेत.

या एका बाबतीत निवडीची पेटी निःसंशय सरस आहे. लहान कुटुंब, सतत प्रवास, घरात पथ्य असलेली व्यक्ती किंवा भाज्यांबाबत हट्टी मुले असतील, तर यादीतून निवडता येणे ही चैन म्हणता येणार नाही. फक्त एक लक्षात ठेवावे. सगळेच सभासद टोमॅटो निवडू लागले आणि सलगम कोणीच घेईना, तरी शेतकऱ्याला सलगम किंवा त्याच्यासारखे काही लावावेच लागते. सेंद्रिय शेतीत एकाच कुळातील पीक त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे घेतले तर जमिनीतील रोग आणि किडी वाढत जातात; म्हणून पिकांची फेरपालट करावी लागते, मध्ये द्विदल पिके घ्यावी लागतात, काही वाफे हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे वाढवून मातीतच गाडायच्या पिकासाठी, मोकळे सोडावे लागतात. पूर्ण वाट्याची टोपली ही त्या फेरपालटीची वर्षभराची नोंदच असते. पेटीत ती नोंद दिसत नाही, आणि न निवडलेल्या भाजीचे काय होते हेही दिसत नाही.

वाईट वर्षाची परीक्षा येथेच घ्यावी. २००९ साली अमेरिकेच्या ईशान्य भागात थंड आणि ओल्या उन्हाळ्यात टोमॅटो व बटाट्यावरील उशिरा येणारा करपा इतक्या वेगाने पसरला, की अनेक सेंद्रिय शेतांचे टोमॅटो जवळजवळ पूर्ण गेले. सेंद्रिय पद्धतीत या रोगाविरुद्ध तांबेयुक्त फवारणी आणि रोगट झाडे उपटून नष्ट करणे याखेरीज फारसे हत्यार नसते, आणि फवारणी आधीपासून केलेली असेल तरच तिचा उपयोग होतो. अशा वर्षी पूर्ण वाट्याच्या सभासदाला टोमॅटो मिळत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. त्याऐवजी कोबी, बीट, गाजर थोडे जास्त येते. चांगले शेत तीस-चाळीस प्रकारची पिके घेते ते याच भीतीने. एक पीक गेले तरी टोपली रिकामी राहत नाही. पेटीच्या सभासदाचे नुकसान त्याच्यापुरते शून्य असते, तो त्या आठवड्यात बाजारातून टोमॅटो आणतो; सगळा तोटा शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. यात नैतिक श्रेष्ठत्व शोधण्याचे कारण नाही. ज्याच्या घरखर्चात अशा तोट्याला जागाच नाही, त्याने ती जोखीम घेऊ नये, हे सरळ आहे.

श्रमाच्या वाट्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आढळतात, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक जण तो स्वस्त पर्याय म्हणून घेतात आणि मनात चित्र असते सकाळच्या उन्हात टोमॅटो तोडण्याचे. करार साधारणपणे आठवड्याला तीन-चार तासांचा आणि संपूर्ण हंगामाचा असतो, आणि त्या तासांचा मोठा भाग खुरपणीत, पाने धुण्यात, कांदा-लसूण साफ करण्यात आणि क्रेट घासण्यात जातो. तोडणी असलीच तर ती उजाडताच सुरू होते, कारण ऊन चढल्यावर तोडलेली पाने आतली उष्णता धरून ठेवतात आणि लवकर मलूल होतात; म्हणून ती लगेच गार पाण्यात बुडवावी लागतात. पावसात काम थांबेलच असे नाही, कारण वाटपाचा दिवस पुढे ढकलता येत नाही.

खुरपणीचे उदाहरण घेऊ. गाजराचे बी उगवायला एक ते तीन आठवडे लागतात, आणि तण त्याआधीच डोके वर काढते. ते धाग्याएवढे असताना माती वरवर हलवली तर एक वाफा दहा मिनिटांत मोकळा होतो. आठवडाभर उशीर झाला, की तेच काम गुडघ्यांवर बसून एकेक रोप बोटांनी वेगळे करण्याचे होते. नवख्या माणसाला गाजराचे रोप आणि तण यांतला फरक पहिल्या दिवशी ओळखू येत नाही, तो गाजरेच उपटतो, आणि शेतकऱ्याला आपले काम सोडून त्याच्याशेजारी बसावे लागते. पहिल्या महिन्यात श्रमाचा वाटेकरी शेताचे काम हलके करण्याऐवजी वाढवतो, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच शेतकरी पूर्ण हंगामाची बांधिलकी मागतो, आणि दुसऱ्या महिन्यात सोडून जाणाऱ्याचे त्याला खरे दुःख होते. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ १९७८ साली सुरू झालेल्या ‘ले जार्दँ द कोकान्य’ या सहकारी शेताने वेगळा मार्ग काढला: सगळ्याच सभासदांनी वर्षातून काही अर्धे दिवस काम करायचे. एवढ्याने कोणी पटाईत होत नाही, परंतु टोपलीत पानाला भोके का आहेत हे नंतर कोणी विचारत नाही.

श्रमाच्या वाट्याची आणखी एक बाजू कायद्याची आहे. काही ठिकाणी भाजीच्या मोबदल्यात केलेल्या कामाला मजुरी मानले जाते, आणि किमान वेतन व अपघात विमा यांचे नियम त्याला लागू होतात. त्यामुळे काही शेते असा वाटा देतच नाहीत. शेत देत असेल तर इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी विचारून घ्यावे. संकोच वाटू देऊ नये, शेतकऱ्यालाही हा प्रश्न पडलेला असतो.

इतके असूनही, ज्याच्याकडे वेळ ठरलेला आहे, पाठ आणि गुडघे साथ देतात, आणि ज्याला पुढे स्वतः काही पिकवायचे आहे, त्याच्यासाठी श्रमाचा वाटा तिन्हींत उत्तम आहे. हंगामाची टोके प्रत्यक्ष भेटतात ती त्यालाच. शेवटची तोडणी झाल्यावर लसणाच्या पाकळ्या लावणे, भोपळे उबदार आणि हवेशीर जागेत दहा दिवस ठेवून त्यांची साल टणक करणे, मोकळ्या वाफ्यांत हिरवळीचे खत पेरणे, ही कामे पूर्ण वाटेकऱ्याला टोपलीतून दिसत नाहीत आणि पेटीवाल्याला कळतही नाहीत. लसूण तर पुढच्या हंगामापर्यंत, जवळपास आठ-नऊ महिने, जमिनीत राहणार असतो.

प्रमाणपत्राचा मुद्दा तिन्ही प्रकारांना सारखाच लागू असल्याने थोडक्यात सांगतो. रासायनिक शेतीतून सेंद्रिय प्रमाणपत्राकडे जाताना अमेरिकेच्या नियमांनुसार निषिद्ध पदार्थाच्या शेवटच्या वापरापासून तोडणीपर्यंत तीन वर्षे जावी लागतात. युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षांचा काळ धरतात. अनेक लहान शेते या मधल्या काळात असतात किंवा खर्चामुळे प्रमाणपत्र घेत नाहीत. अशा वेळी फवारणीची नोंदवही पाहायला मागावी. दाखवायला खळखळ झाली तर तेथे वाटा घेऊ नये.

माझा कौल असा आहे. घरात चार-पाच माणसे, रोजचा स्वयंपाक आणि थोडी साठवण करण्याची सवय असेल, तर पूर्ण वाटा. दोन माणसांच्या घराने तो शेजाऱ्यासोबत अर्धा-अर्धा घ्यावा, आणि टोपली आणण्याच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात, कारण अशी भागीदारी बहुधा भाजीच्या वाटणीपेक्षा पाळ्यांवरून मोडते. पहिल्याच वर्षी खात्री नसेल तर निवडीची पेटी घेऊन एक संपूर्ण हंगाम काढावा, मात्र हलक्या आठवड्यांतही ती चुकवू नये, नाहीतर वाटा कसा असतो याचा अंदाज येणार नाही. श्रमाचा वाटा पैसे वाचवण्यासाठी घेऊ नये.

नोंदणीपूर्वी शेतावर एक फेरी मारावी, आणि तीही पेरणीआधी, वाफे उघडे असताना. मागील सर्वांत वाईट हंगामात सभासदांना काय दिले, बाहेरचा माल टोपलीत घालता का आणि घातला तर सांगता का, चुकलेल्या आठवड्याचे काय होते, आणि वर्षाच्या खर्चात शेतकऱ्याने स्वतःची मजुरी धरली आहे का, एवढे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर त्या शेताचे दर कमी का आहेत हे कळते, आणि तेथे दोन-तीन वर्षांचा करार करण्याआधी पुन्हा विचार करावा लागतो.