यूएसबी माईक: आवाजाला दहापैकी नऊ, पोर्टाला शून्य

मध्यंतरी बंद पडलेला माझा माईक पुन्हा सुरू झाला आहे, म्हणून आता शांत डोक्यानं लिहिते. साडेचार हजारांच्या आसपास मिळणारा कार्डिऑइड (म्हणजे समोरचं जास्त, पाठीमागचं कमी ऐकणारा) कंडेन्सर माईक, डोक्यावर टच म्यूट (बोट टेकवून आवाज बंद करायची जागा), खाली हेडफोन जॅक, गेनची म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करायची चकती आणि बुडाशी यूएसबी-सी पोर्ट. हा साचा कितीतरी कंपन्या थोड्याफार फरकानं विकतात आणि तो तुमच्या ओळखीचा आहे, त्यामुळे 48 किलोहर्ट्झ, 16 बिट हे आकडे उगाळत बसत नाही. बोलायचंय ते पोर्टाबद्दल. पण आधी आवाजाचं देणं देऊन टाकते, कारण त्या बाबतीत या माईकनं मला कधीच खाली पाहायला लावलं नाही.

माझा वापर दोन प्रकारचा. दृष्टिहीन मुलांसाठी नववी-दहावीचे धडे वाचून रेकॉर्ड करते, आणि रविवारी संध्याकाळी लाईव्ह वाचन असतं. धड्यांना आवाज स्वच्छ लागतो. ही मुलं तेच रेकॉर्डिंग दीडपट-दुप्पट वेगानं पुन्हा पुन्हा ऐकतात, आणि त्या वेगाला घरघर, खरखर, पानांची सळसळ सगळंच अंगावर येतं. मराठी वाचताना आणखी एक त्रास म्हणजे फ, भ, ठ, थ ही महाप्राण अक्षरं. ‘भूभाग’, ‘फेडरेशन’ असले शब्द आले की हवेचा झोत सरळ जाळीवर आपटतो. पॉप फिल्टर (हा झोत अडवणारा पडदा) लावलाच, पण खरा फरक पडला तो माईक तोंडासमोरून काढून गालाच्या रेषेत, तिरका ठेवल्यावर. अंतर वीतभर, गेन अर्ध्याच्या खाली. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो, त्यामुळे गेन चढवण्यापेक्षा माईक जवळ ओढणं केव्हाही बरं. गेन वाढवला की खोलीतली घरघरही सोबत वर येते.

आणि नागपुरातली घरघर म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यात इथे कूलर बंद करून तासभर वाचत बसणं माणसाला शक्य नाही. कार्डिऑइड माईक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा माईकची पाठ कूलरकडे आणि माझं तोंड कूलरकडे अशी बैठक लावली. हवेचा झोत अंगावर येतो, माईकवर जाळीच्या बाजूनं येत नाही. पंख्याचं गणित वेगळं. माईक टेबलावर उभा असेल तर छताचा पंखा त्याच्या बाजूला पडतो आणि बाजूचा आवाज जेमतेम 6 डेसिबलनंच कमी होतो. बूम आर्म (माईक टांगायचा दांडा) घेऊन माईक वरून खाली, तोंडाकडे झुकवून टांगला तेव्हा पंखा त्याच्या पाठीशी गेला. त्यावर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 80 हर्ट्झच्या खालची घरघर काढून टाकली की धडा ऐकण्याजोगा होतो. लाईव्हला ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधला नॉइज सप्रेशनचा (मागची घरघर दाबणारा) फिल्टर पुरतो. धड्यांना तो लावू नका; शब्दांच्या शेवटचे ‘स’, ‘ह’ खाऊन टाकतो.

हेडफोन जॅकचं कौतुक करावं तेवढं थोडं. आपला आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट कानात येतो, म्हणजे जीभ अडखळत नाही, आणि पान उलटताना होणारा आवाज त्याच क्षणी कळतो. मला हा माईक घेतल्यावर मिळालेलं खरं सुख हेच. टच म्यूट मात्र मी वापरणं सोडलं. बोट टेकलं की रेकॉर्डिंगमध्ये ‘ठक’ उमटतं.

पहिले काही महिने मी हा माईक भेटेल त्याला सुचवत होते. मग लॅपटॉप चार्जिंगला असताना मागे एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. यूएसबीवर डेटाची चौकट दर मिलिसेकंदाला निघते, म्हणजे सेकंदाला 1000 वेळा, आणि वीजपुरवठा स्वच्छ नसेल तर तोच 1000 हर्ट्झचा सूर आवाजात उतरतो. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) मध्ये घातला, शिट्टी गेली. तेव्हा पहिल्यांदा नीट ध्यानात आलं की या माईकची वीज, डेटा, साऊंड कार्ड, हेडफोन, सगळं एका भोकातून चालतं. ते भोक गेलं की माईक गेला.

आणि ते गेलंच. आधी लाईव्हमध्ये मध्येच आवाज तुटायचा, केबल हलवली की परत यायचा. बूम आर्मवर टांगलेल्या माईकला केबल लोंबते आणि तिचं वजन दिवसभर पोर्टाला एका बाजूला ओढत राहतं. सोबत आलेली केबल तर जाड, कापडी वेष्टनाची, दोन मीटरची, चांगलीच जड. यूएसबी-सीचा पोर्ट 10,000 वेळा काढघाल सोसेल असा प्रमाणित असतो आणि झीज केबलच्या वाट्याला यावी म्हणून स्प्रिंगा प्लगमध्ये ठेवलेल्या असतात. पण ते गणित सरळ आत-बाहेर करण्याचं आहे. आडव्या ओढीचा हिशेब त्यात नाही, आणि टेबलावरचा माईक आडवी ओढच जास्त सोसतो. पोर्ट बुडाशी असलेल्या मॉडेलला आणखी जास्त.

वॉरंटी शिल्लक होती, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलानं केबल लावली, माईकचा दिवा लागला, कॉम्प्युटरनं ओळखला. ‘फॉल्ट नाही’ असं लिहून परत दिला. घरी आणला तर बंद. पुन्हा गेले. या वेळी त्यांच्याकडेही बंद पडला, तर शेरा बदलला: ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.’ बाहेरून एक ओरखडा नाही, पडलेला नाही, ओला झालेला नाही. डॅमेज कुठे आहे ते दाखवा म्हटलं तर म्हणे, आम्ही उघडत नाही, बोर्ड सुटा येत नाही, नवा घ्या, पंधरा टक्के सूट देतो. साडेचार हजारांची वस्तू वर्ष भरायच्या आत भंगारात काढायला सांगणं आणि त्याला ‘सूट’ म्हणणं, याचा मला मनापासून संताप आला. नकार मात्र लेखी घेतला, शिक्क्यासकट. तुम्हीही घ्या. तोंडी नकाराचा पुढे काही उपयोग होत नाही.

तिथून थेट सीताबर्डीत, मोबाईल दुरुस्तीच्या गल्लीत. दुकानदारानं माईक हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “ताई, प्लग उलटा लावून पाह्यला का?” पाहिला नव्हता. त्यानं एका बाजूनं लावला, बंद. प्लग फिरवून लावला, सुरू. यूएसबी-सी दोन्ही बाजूंनी लागतो खरा, पण केबलच्या प्लगमध्ये डेटाच्या तारांची जोडी एकच असते. पोर्टात मात्र दोन जोड्या असतात, वरच्या बाजूला एक, खालच्या बाजूला एक. एका जोडीचा डाग (सोल्डरचा जोड) सुटला की माईक एका बाजूनं चालतो, दुसऱ्या बाजूनं चालत नाही. सर्व्हिस सेंटरला पहिल्या दिवशी ‘फॉल्ट नाही’ का दिसलं, ते तिथेच उलगडलं.

माईक उघडल्यावर त्यानं भिंगाखाली मला पोर्ट दाखवला. पोर्टाच्या पत्र्याच्या खोळीला चार पाय असतात, ते बोर्डच्या भोकांतून पार जाऊन पक्के झाले पाहिजेत. ओढ त्यांनीच सोसायची असते. इथे दोन पायांची भोकं डागानं निम्मीच भरली होती. म्हणजे केबलची सगळी ओढ डेटाच्या केसाएवढ्या पिनांवर येत होती, आणि त्यांतल्या दोन उचकटल्या होत्या. त्यानं हॉट एअरनं पिना बसवल्या, चारही पायांना भरपूर डाग दिला, मीटर लावून पाहिलं. अर्ध्या तासाचं काम, तीनशे रुपये. डाग कमी पडला होता तो कारखान्यात, माझ्या टेबलावर नाही. ‘फिजिकल डॅमेज’ला माझा आक्षेप आहे तो यासाठी.

त्यानंच आणखी एक गोष्ट दाखवली. माझा माईक दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर कधीच चालला नाही, फक्त चपट्या जुन्या ए टोकाच्या केबलवर चालायचा. मी केबलला दोष देत होते. कारण असं की सी पोर्टात 5.1 किलोओमचे दोन रोधक (रेझिस्टर) बसवावे लागतात. ते दिसल्याशिवाय पलीकडचं यंत्र वीजच सोडत नाही. या बोर्डवर त्यांच्या जागा आखलेल्या आहेत आणि रिकाम्या आहेत. काही पैशांची बचत! नव्या लॅपटॉपला नुसते सी पोर्ट असतील तर असा माईक अ‍ॅडॅप्टरशिवाय मुकाच.

एक्सएलआर, म्हणजे स्टेजवरच्यासारखा तीन पिनांच्या जाड वायरीचा माईक घ्या, असा सल्ला लगेच येईल. बरोबर आहे. कीर्तनाच्या मंडपात साउंडवाल्यांकडे शूअरचा एसएम58 असतो. हे मॉडेल 1966 पासून चालू आहे, वायर खराब झाली की वायर बदलतात, माईक तोच राहतो. एक्सएलआरचं टोक खटक्यानं बसतं, ओढलं तरी निघत नाही. पण त्याला इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) लागतो, त्याचे पैसे वेगळे, आणि फुकटात धडे वाचणाऱ्या माणसाला तो खर्च एकदम झेपत नाही. दोन्ही सोयी एकाच माईकमध्ये असलेली मॉडेलंही मिळतात. यूएसबी पोर्ट मेला तरी एक्सएलआरची वाट शिल्लक राहते. हजार-दीड हजार जास्त पडत असतील तरी मी आता तेच घेईन.

हाच घ्यायचा असेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करा. प्लग दोन्ही बाजूंनी लावून बघा. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून बघा. रेकॉर्डिंग चालू ठेवून प्लग अलगद हलवा. आवाज तुटला तर त्याच दिवशी परत पाठवा. नंतर सोबतची जड केबल ठेवून द्या, मऊ हलकी केबल आणा आणि ती पोर्टापासून चार बोटांवर आर्मला वेल्क्रोच्या पट्टीनं बांधा, थोडी सैल ठेवून. मी तशी बांधल्यापासून एकदाही आवाज तुटलेला नाही आणि इतिहासाचे राहिलेले धडे पूर्ण झाले.

लेखी नकार आणि दुरुस्तीची पावती जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. कंपनीचा फोन आला होता, सूट वीस टक्के करतो म्हणाले. मी सांगितलं, सूट नको, दुरुस्तीचे तीनशे रुपये द्या.