आरोप मैदानाबाहेरचा, निर्णय लीगचा: थांबायचं, बाजूला ठेवायचं की शिक्षा करायची?

आचारसंहितेचा मसुदा करायला बसलेली समिती हमखास एका प्रश्नावर अडते: आरोप सिद्ध होण्याआधी खेळाडूवर कारवाई करावी की नाही? प्रश्न असा विचारला की दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि बैठक चहावर संपते. घोळ 'कारवाई' या शब्दात आहे. खेळाडूला काही काळ मैदानापासून लांब ठेवणं ही एक गोष्ट, त्याला दोषी धरून शिक्षा करणं ही दुसरी. पहिलीसाठी आरोप गंभीर आहे आणि यंत्रणेने त्याची दखल घेतली आहे, एवढं पुरतं. दुसरीसाठी पुरावा, सुनावणी आणि अपील लागतं. ज्या लीगनी दोन्ही कामं एकाच पत्रात उरकली, त्या पुढे तोंडघशी पडल्या.

जगात आज तीन पद्धती चालतात.

कोर्टाचा निकाल येईपर्यंत थांबणं

ही सगळ्यात स्वस्त पद्धत. चौकशी विभाग नको, वकिलांची फौज नको. खेळाडूच्या संघटनेलाही हीच आवडते. अडचण अशी, की 'निकाल' नावाची गोष्ट बऱ्याचदा येतच नाही. तक्रारदार साक्षीला उभी राहत नाही, प्रकरण तडजोडीत मिटतं, किंवा पहिलाच गुन्हा म्हणून आरोपीला सुधारणा कार्यक्रमात पाठवतात. एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचा खेळाडू रे राइस फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारताना चित्रीकरणात दिसतो. त्या प्रकरणात गुन्हा शाबीत झालाच नाही. त्याला सुधारणा कार्यक्रमात घेतलं आणि पुढे आरोप रद्द झाले. चित्रीकरण असताना ही गत, तर चार भिंतींआड घडलेल्या प्रकरणांचं काय होत असेल याचा अंदाज करा.

फौजदारी कोर्टात वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. अंतर्गत चौकशीत पारडं कुणीकडे झुकतं एवढंच पाहायचं असतं. त्यामुळे एकाच प्रकरणात दोन वेगळे निष्कर्ष निघू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. श्रीशांतचं प्रकरण मैदानावरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपाचं, पण मुद्दा इथेही लागू पडतो. २०१५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं, तरी मंडळाची शिस्तभंगाची कारवाई स्वतंत्रपणे टिकू शकते हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. शिक्षा किती, हा प्रश्न मात्र फेरविचारासाठी परत पाठवला आणि आजन्म बंदी सात वर्षांवर आली.

पगार चालू, खेळ बंद

ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीगने २०१९ च्या हंगामाआधी हा नियम आणला. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ११ वर्षं किंवा त्याहून अधिक कैद होऊ शकते, असा गुन्हा पोलिसांनी दाखल केला की खेळाडू आपोआप बाजूला होतो. पगार पूर्ण मिळतो, सराव करता येतो, सामना खेळता येत नाही. दोषाबद्दल लीग चकार शब्द काढत नाही. त्याहून हलक्या गुन्ह्यांत निर्णय लीगच्या विवेकावर.

या नियमाची खरी ताकद 'आपोआप' या शब्दात आहे. संघाचा सर्वोत्तम खेळाडू असो की राखीव बाकावरचा, कुणाला फोन करायचा नसतो, कुणाचं मन वळवायचं नसतं. लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेला खेळाडू जॅक डी बेलिन याने नियमाला फेडरल कोर्टात आव्हान दिलं. मे २०१९ मध्ये तो हरला आणि नियम टिकला.

किंमत मात्र मोठी आहे, आणि ती पैशांत मोजता येत नाही. डी बेलिनचे २०१९ आणि २०२० हे दोन अख्खे हंगाम गेले. खेळाडूची उमेदीची वर्षं किती असतात? मिळालेल्या पगाराने ती परत येत नाहीत. श्रीलंकेचा दनुष्का गुणतिलका नोव्हेंबर २०२२ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकादरम्यान सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून पकडला गेला आणि त्याच्या मंडळाने त्याला सगळ्या क्रिकेटमधून लगेच निलंबित केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला, त्यानंतर बंदी उठली. म्हणजे जवळजवळ एक वर्ष. तक्रारदाराच्या बाजूने पाहिलं तर हेच वर्ष आवश्यक होतं. खटला चालू असताना आरोपीला टाळ्या मिळत असतील तर साक्ष द्यायला येणाऱ्या बाईवर काय दडपण येतं हे वेगळं सांगायला नको.

पगार थांबवण्याचा मोह होतो. करू नका. बलात्काराचे आरोप झालेला फुटबॉलपटू बेंजामिन मेंडी याचा पगार त्याच्या क्लबने २०२१ मध्ये बंद केला. २०२३ मध्ये तो सगळ्या आरोपांतून सुटला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कामगार न्यायाधिकरणाने थकलेल्या रकमेपैकी बहुतांश त्याला देणं लागतं असा निर्णय दिला, दावा १.१ कोटी पौंडांहून जास्त होता. करारात पगार रोखण्याचं स्पष्ट कलम नसेल तर 'प्रतिमा मलिन झाली' हे कारण टिकत नाही.

लीगची स्वतःची चौकशी आणि शिक्षा

अमेरिकी बेसबॉलने ऑगस्ट २०१५ मध्ये खेळाडू संघटनेशी बोलून घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार आणि मुलांवरील अत्याचार यांसाठी संयुक्त धोरण केलं. आधी सात दिवसांपर्यंत पगारी रजा, त्या काळात चौकशी, मग आयुक्तांचा निर्णय, त्यावर लवादाकडे अपील. शिक्षेला किमान-कमाल मर्यादा नाही. गुन्हा दाखल झालाच पाहिजे अशी अटही नाही: अरोल्डिस चॅपमनवर गुन्हा दाखल न होता २०१६ मध्ये ३० सामन्यांची बंदी आली.

कागदावर हे आखीवरेखीव दिसतं. प्रत्यक्षात ट्रेव्हर बाउअरची सात दिवसांची रजा जुलै २०२१ पासून पुन्हा पुन्हा वाढत हंगाम संपेपर्यंत चालली. सरकारी वकिलांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये गुन्हा न नोंदवण्याचं ठरवलं. एप्रिलमध्ये लीगने ३२४ सामन्यांची बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये लवादाने ती १९४ वर आणली. बंदी टिकली, आकडा टिकला नाही. मर्यादा न लिहिल्याचा हा थेट परिणाम: ३२४ कुठून आले हे नियमातून दाखवता येत नाही.

एनएफएलचं उदाहरण याहून बोलकं. राइसला जुलै २०१४ मध्ये दोन सामन्यांची बंदी मिळाली. ८ सप्टेंबरला लिफ्टमधलं चित्रीकरण जगासमोर आलं, क्लबने त्याला काढलं आणि लीगने बंदी बेमुदत केली. नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती रद्द केली: राइसने काय केलं हे लीगपासून लपवलं नव्हतं, मग एकाच कृत्याची दोनदा शिक्षा कशी? अपील जिंकूनही तो त्या लीगमध्ये परत कधी खेळला नाही. पहिली शिक्षा घाईत हलकी दिली आणि दुसरी लोकांच्या रागाने ठरवली. दोन्ही चुका चौकशी अर्धवट असल्याच्या.

एनएफएलच्याच डेशॉन वॉटसनवरच्या लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणापर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, निर्णय स्वतंत्र अधिकाऱ्याकडे गेला होता. त्यातून लीगच्या चौकशीची मूळ दुबळी बाजू दिसते: साक्षीला बोलावण्याची सक्ती तिला करता येत नाही. २४ तक्रारदारांपैकी १२ जणींशी बोलणं झालं आणि सुनावणीत चौघींच्या तक्रारी मांडल्या गेल्या. निकाल सहा सामन्यांचा. लीगने अपील केलं आणि तडजोडीत ११ सामने व ५० लाख डॉलर दंड ठरला. दंड वेगळा का लागला? कारण बंदीत फक्त मूळ पगार कापला जातो आणि त्या वर्षी त्याचा मूळ पगार जेमतेम १० लाख ३५ हजार डॉलर ठेवलेला होता. ११ सामन्यांचे झाले सुमारे ६ लाख ३२ हजार. पाच वर्षांच्या २३ कोटी डॉलरच्या करारात हा चिल्लर हिशोब. शिक्षा पगाराशी जोडायची असेल तर बोनससकट एकूण रकमेशी जोडा.

मग निवड कोणती?

दुसरी आणि तिसरी, पण एकामागून एक. गंभीर गुन्हा नोंदवला गेला की पगार चालू ठेवून आपोआप बाजूला. शिक्षा मात्र खटला संपल्यावर किंवा गुन्हा नोंदवला जाणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, स्वतंत्र व्यक्तीसमोर सुनावणी होऊन. खटला चालू असताना खेळाडूला बोलायला भाग पाडलं तर त्याचा जबाब पोलिसांच्या फाइलमध्ये जाऊ शकतो, म्हणून त्याचा वकील त्याला गप्पच बसवणार. तोवर त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा लावू नये, हे कलमात लिहा. मेसेज पुसणं, साक्षीदाराला फोन करणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा ठेवा. तो सिद्ध करायला मूळ प्रकरणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

लहान लीगला हे झेपत नसेल तर पहिल्या पद्धतीवर समाधान मानावं, पण निदान गुन्हा नोंदवला गेल्यावर बाजूला ठेवण्याचं कलम तरी घ्यावं. त्याला खर्च एका खेळाडूच्या पगाराचा.

निर्णय देणारी व्यक्ती आधी नेमा. जानेवारी २०१९ मध्ये टीव्ही कार्यक्रमातल्या शेरेबाजीसाठी हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावून निलंबित केलं, तेव्हा क्रिकेट मंडळाचा चौकशी करणारा लोकपालच नेमलेला नव्हता. दोन आठवड्यांत निलंबन मागे घ्यावं लागलं. लोकपाल आल्यावर एप्रिलमध्ये प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. शिवाय बोलणं आणि हिंसा एकाच कलमात घालू नका. शेरेबाजीला दंड पुरतो, तिथे खेळाडूला बाजूला ठेवायची गरजच नव्हती.

बाहेर बसलेले सामने शिक्षेत कसे मोजायचे हेही आधी ठरवा. इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स ब्रिस्टलमधल्या मारामारीच्या प्रकरणात ऑगस्ट २०१८ मध्ये निर्दोष सुटला आणि डिसेंबरमध्ये शिस्तपालन आयोगाने त्याला आठ सामन्यांची बंदी व ३०,००० पौंडांचा दंड केला. आठही सामने आधीच चुकलेले होते, ते वळते झाले. खेळाडूला हे न्याय्य, पण 'तात्पुरतं बाजूला ठेवणं' ही मागाहून शिक्षाच ठरली. पगार चालू होता तर ते सामने पूर्ण वळते करू नका. अर्धे करा, पण आकडा नियमात असू द्या.

शेवटचं कलम बहुतेक मसुद्यांत चुकतं: 'निर्दोष सुटल्यास निलंबन उठेल.' डी बेलिनच्या पहिल्या खटल्यात ज्युरींचं एकमत झालं नाही. २०२१ च्या फेरखटल्यात एका आरोपातून तो सुटला, बाकीच्यांवर पुन्हा एकमत नाही, आणि सरकारी पक्षाने ते आरोप सोडून दिले. हा पूर्ण निर्दोष सुटलेला माणूस म्हणायचा की नाही? नियमाने त्यात पडूच नये. 'निर्दोष सुटल्यास' खोडा आणि लिहा: 'फौजदारी कारवाई कोणत्याही कारणाने संपल्याच्या दिवसापासून सात दिवसांत.'