जुनी फ्रेंच कुऱ्हाड घेताना: कोन्ये, दोलवार की एपोल द मुतों?

फ्रान्समधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, म्हणजे तिथल्या 'ब्रोकाँत'मध्ये, गंजक्या कुऱ्हाडींच्या ढिगात तीन जाती पुन्हा पुन्हा हाताला लागतात. एक झाड पाडायची 'कोन्ये'. दुसरी पिंपं बनवणाऱ्या कारागिराची 'दोलवार'. तिसरी सुताराची रुंद 'एपोल द मुतों'. पातं मेंढ्याच्या खांद्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. पहिल्यांदाच दुरुस्तीला हात घालणार असाल आणि कुऱ्हाड वापरायचीही असेल, तर कोन्ये घ्या. तासकामासाठी हवी असेल तर एपोल द मुतों, पण चपटी बाजू स्वच्छ असेल तरच. दोलवार दिसायला सगळ्यांत देखणी आणि दुरुस्तीला सगळ्यांत अवघड.

या तिघींत खरा फरक आकारापेक्षा पोलाद कुठे आहे याचा आहे. जुन्या कुऱ्हाडीचं अंग मऊ लोखंडाचं असतं आणि धारेपुरतं पोलाद भट्टीत तापवून, घणाखाली त्याला सांधलेलं असतं. कोन्येमध्ये ते बहुधा लोखंडाच्या दोन गालांमध्ये, म्हणजे पात्याच्या दोन बाजूंमध्ये, पाचरीसारखं बसवलेलं असतं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घासलं तरी धार पोलादाचीच राहते. दोलवारला पटाशीसारखा एकाच बाजूने उतार असतो. एपोल द मुतोंलाही बहुतेकदा तसाच असतो, पण दोन्ही बाजूंनी उतार दिलेलीही सापडते. एकाच उताराच्या कुऱ्हाडीत पोलादाचा पातळ थर बहुधा चपट्या बाजूला असतो. तिथला गंज काढायला चपटी बाजू घासत बसलात, तर कुऱ्हाडीत मोलाची जी एकच गोष्ट आहे तीच घासून टाकाल.

म्हणून विकत घेण्याआधी पोलाद किती उरलंय ते पाहा. धारेजवळचा दोन बोटं भाग बारीक पॉलिश पेपरने उजळवा, त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. पोलाद काळसर होतं, लोखंड राखाडी राहतं आणि दोन्हींमधली रेघ दिसू लागते. रेघेपासून धारेपर्यंत 15 ते 20 मिलिमीटर असेल तर कुऱ्हाडीत पुष्कळ आयुष्य आहे. 5 मिलिमीटरच उरलं असेल तर ती भिंतीवर शोभेल. विकणारा व्हिनेगर लावू देत नसेल तर बारीक कानस चालवून बघा: धारेवर ती घसरायला हवी आणि गालावर चावायला हवी. दोन्हीकडे सारखीच चावत असेल, तर पोलाद संपलंय किंवा कुणीतरी जाळात टाकून त्याचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरवलंय.

ओळखताना ठशांवर किती विसंबायचं? 'आसिए फोंद्यू' म्हणजे ओतीव पोलाद, 'गाराँती' म्हणजे हमी. ही कारखान्याची नावं नव्हेत, तरी विक्रीच्या जाहिरातींत ती तशी खपवलेली दिसतात. पूझो घराण्याच्या हत्यारांवर बाणावर चालणारा सिंह असतो. ही खूण 1858 मध्ये नोंदवली गेली, म्हणजे सिंहाची कुऱ्हाड त्याच्या बरीच आधीची सांगत असतील तर शंका घ्या. गोल्डेनबर्गची खूण डोळ्याची. हा कारखाना आल्झासमध्ये सावेर्नजवळ होता आणि 1871 ते 1918 या काळात तो प्रदेश जर्मनीकडे होता. आल्प्सकडच्या आर्व्हियारमधला लबोर्न्य हा कारखाना 1829 पासूनचा. नुसता आकडा कोरलेला असेल तर त्याला साल समजू नका. दोलवारवर मात्र अनेकदा गावच्या लोहाराचं नाव, फुलं किंवा चांदण्या ठोकलेल्या असतात. अशी नक्षी शाबूत असेल तर ती सफाईपेक्षा मोलाची.

डावी-उजवी हा प्रश्न फक्त एका उताराच्या कुऱ्हाडींचा. धार जमिनीकडे करून दांडा स्वतःकडे धरा. उतार उजवीकडे आणि चपटी बाजू डावीकडे असेल तर ती उजव्या हाताची. दोलवारचं नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, पात्याच्या रेषेत नसतं. ते बाहेरच्या बाजूला कललेलं असतं, म्हणजे तासताना बोटं लाकडावर घासत नाहीत. हा कल पाहून 'वाकलीय' म्हणत ती ऐरणीवर सरळ केलेली उदाहरणंही बाजारात दिसतात. असली कुऱ्हाड घेऊच नका.

गंज कशाने काढायचा

कोन्येला साधं व्हिनेगर पुरतं: 12 ते 24 तास बुडवा आणि दर काही तासांनी ब्रशने घासून बघा. सायट्रिक आम्ल (लिटरला 50 ग्रॅम) जास्त लवकर काम करतं, पण विसरलात तर ठसे बोथट होतात. दोन्हींनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडी करा आणि तेल लावा.

दोलवारला आम्ल लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिचं नेढं लोखंडाची पट्टी वळवून सांधलेलं असतं. सांध्यात बारीक फटी असतात, आम्ल त्यांत शिरतं आणि धुतलं तरी आत राहून पुढे महिनोन्‌महिने गंज ओकत राहतं. तिच्यासाठी विजेची पद्धत बरी. प्लास्टिकच्या बादलीत लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला आणि 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर घ्या. ऋण टोक कुऱ्हाडीला, धन टोक टाकाऊ लोखंडाच्या पत्र्याला. टोकं उलटी लावली तर कुऱ्हाडच झिजते. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करा. पत्र्यासमोरची बाजूच साफ होते, तेव्हा कुऱ्हाड मधूनमधून फिरवा. शेवटी तासभर 100 अंशांवर तापवून फटींतलं पाणी घालवा. एवढ्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरत नाही.

ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश तिघींनाही वाईट. तो गंज काढण्याऐवजी चोळून चकचकीत करतो आणि ठशांच्या कडा मोडतो.

धार

कोन्येला दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंश, कानशीने, मग दगडाने. पॉवर ग्राइंडर टाळा. धारेवर निळा रंग चढला की तिथलं पाणी गेलंच, आणि तो भाग घासून संपवल्याशिवाय सुटका नाही.

एका उताराच्या कुऱ्हाडीत कानस फक्त उतारावर चालवा. चपट्या बाजूवर दगड हलकेच फिरवून केवळ धारेची लव, म्हणजे घासताना वळलेली बारीक कड, काढा. धारेलगत खड्डे असतील तर मात्र अडचण आहे: धार म्हणजे उतार आणि चपटी बाजू यांचा मिलाफ, त्यामुळे उतार कितीही घासला तरी खड्डा धारेवर खाच होऊन उमटतो. खड्ड्यांचा पट्टा अरुंद असेल तर धार तेवढी मागे नेता येते. अर्धी बाजू खड्ड्यांनी भरली असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. दुसरी चूक जास्त उत्साहाची आहे. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून चपटी बाजू आरशासारखी सपाट करतात. जुन्या तासणीच्या कुऱ्हाडीत या बाजूला किंचित गोलाई राखलेली असते, तिच्यामुळे पात्याचे कोपरे लाकडात रुतत नाहीत. ती गेली की प्रत्येक घावाला कोपरा ओरखडा काढतो.

दांडा

जुना दांडा जाळून काढू नका, भोकं पाडून पोखरा. कोन्येला 80 ते 90 सेंटिमीटरचा सरळ दांडा लागतो, फ्रान्समध्ये अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा. कुऱ्हाड महाराष्ट्रात आणली असेल तर धामण उत्तम. नेढं वरून रुंद आणि खाली निमुळतं आहे का पाहा. काही नमुन्यांत दांडा कुदळीसारखा वरून घालतात आणि पाचर लागत नाही. त्याला खालून दांडा ठोकला तर तो कधीच धरत नाही.

एपोल द मुतोंचा दांडा आखूड. दोलवारचा तर हातभरही नसतो, पण कलासकट तो जमवणं हे वेगळंच कसब आहे. जुना तुकडा काढण्याआधी त्याची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, नाहीतर कोन परत सापडत नाही. सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करू नका. लाकूड फुगून नेढ्यात चेंगरतं आणि सुकल्यावर आधीपेक्षा सैल होतं. जवसाचं तेल पातळ हाताने दोन-तीनदा लावा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटू शकतात, म्हणून त्या पसरून वाळवा.