ताबोतलं मातीचं घर : ठरवली एक रात्र, राहिलो चार

गुडघे दुखणाऱ्या माणसाने हिमाचलातल्या स्पीती खोऱ्यात कुठे मुक्काम करावा, हे निघण्याआधी मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

मी आणि हे, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पिओहून (पाटीवर रेकाँग पिओ, बोलण्यात नुसतं पिओ) सकाळची काझाची, म्हणजे स्पीतीतल्या मुख्य गावाची, बस धरली. खाबला स्पीती नदी सतलजला मिळते. तिथे गढूळ सतलज मागे राहते, बस निळसर स्पीतीच्या काठाला लागते आणि हिरवा रंग संपतोच म्हणा. लाहौल-स्पीती जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2 माणसं भरली होती. घरी बसून वाचला तेव्हा हा आकडा मला छापखान्याची चूक वाटला होता. बसमध्ये तासभर खिडकीबाहेर एक घर दिसेना, तेव्हा पटला.

वाटेतल्या ताबो गावाला उतरलो दुपारी. मुक्कामाचं घर तिथल्या बौद्ध मठाच्या मागच्या गल्लीत, पाच मिनिटांवर. दुमजली, मातीच्या विटांचं, छताच्या कडेने सरपण रचलेलं. माणशी 1,000 रुपये, दोन्ही वेळचं जेवण धरून. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी मांडी घालून बसत असे. बाहेर सफरचंदाचं झाड, फळांनी वाकलेलं. अंथरूण स्वच्छ, रजया दोन-दोन आणि चांगल्याच जड. कूस बदलायची तर आधी ठरवावं लागतं.

आता गिझर. खोलीची चौकशी केली तेव्हा फोनवर ‘गिझर है’ असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. गिझर भिंतीवर होता, त्याला नळी नव्हती. पहिल्या संध्याकाळी माझा पारा चढला, पण घरमालकिणीने अंगणातला हमाम पेटवला आणि मी गप्प झाले. हमाम म्हणजे आपला बंब! तीच मधली नळी, तोच धूर, तोच वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम येण्याचा हिशेब. माझ्या आजीनंतर मी बंबाच्या पाण्याने आंघोळ केली ती थेट ताबोत.

संडास मात्र नीट ऐकून घ्या. कोरडा, वरच्या मजल्यावर, फळीतल्या चौकोनी भोकाचा. पाणी ओतायचं नाही, बाजूच्या ढिगातली माती फावड्याने लोटायची. थंडीत नळ गोठतात तिथे हीच पद्धत शहाणपणाची, आणि वास अजिबात नव्हता. पण उकिडवं बसावं लागतं. माझी उठताना फळीला धरून जी कसरत व्हायची ती यांनी दाराबाहेरून ऐकली आहे. खाली कमोडची एक खोली आहे, ती आधी मागून घ्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

तिसरा दिवस उजाडला कारण काझाचा रस्ता दरड पडून बंद झाला. आमची एका रात्रीची आखणी, आणि फोनला रेंज नाही. हे दर दोन तासांनी रस्त्यावर जाऊन चौकशी करत आणि दर वेळी तेच उत्तर घेऊन येत, ‘कल खुलेगा’. आम्ही वैतागलेलो पाहून घरमालकीण म्हणाली, “आंटीजी, अब आराम से गोम्पा देखो.” गोम्पा म्हणजे मठ. आदल्या दिवशी अर्ध्या तासात ‘बघून’ झाला होता तो.

हा मठ 996 सालचा. बाहेरून मातीचे ढिगारेच. मी खरंच विचारलं होतं की हेच का ते. पुन्हा गेले तेव्हा मुख्य सभागृहात नुसती बसून राहिले. वरून येणारा उजेड जेमतेम. डोळे सरावले तशा भिंतींवरच्या मातीच्या मूर्ती एकेक करून पुढे आल्या, 32 आहेत, भिंतीतून बाहेर येऊन अधांतरी बसल्यासारख्या. त्यांच्या खाली-वर चित्रंच चित्रं. आत फोटोला बंदी आहे, फार बरं आहे. बॅटरी मात्र न्या. 1975च्या भूकंपात या मठाचं नुकसान झालं, त्यानंतर शेजारी नवं देऊळ बांधलं. बहुतेक मंडळी त्याच्यासमोर फोटो काढून निघून जातात. रस्त्यापलीकडच्या डोंगरात भिक्षूंच्या ध्यानाच्या गुहा आहेत. हे चढून गेले, मी खालून हात केला.

जेवण : सकाळी पराठा, रात्री कधी थुक्पा (नूडल्सचं सूप), कधी राजमा-भात. मिठाचा लोण्याचा चहा मी चहा म्हणून प्यायले तर घशाखाली उतरेना. सूप समजून प्यायले, दोन वाट्या संपवल्या. जेवायला सगळे मधल्या खोलीत चुलीभोवती. तिला तिथे तंदूर म्हणतात. यांनी रोटी कधी लागणार म्हणून विचारलं, अख्खं घर हसलं.

पाचव्या दिवशी रस्ता उघडला. काझा 47 किलोमीटर, पण ताबोहून चार-पाचशे मीटर उंच. तिथल्या लॉजात नळी जोडलेला गिझर होता, डोकेदुखीही होती, आणि भिंत अशी पातळ की शेजारच्यांचं भांडण संवादांसकट पाठ झालं. पेट्रोल, बाजार, जवळच्या हिक्कीम गावच्या पोस्टातून पत्र टाकणं यासाठी काझा हवंच. तिथे दोन रात्री पुरे. बाकीच्या ताबोला द्या, आणि चढताना आधी ताबो घ्या, म्हणजे विरळ हवेची सवय होते.

एक तक्रार राहिली. घराच्या जिन्याला कठडा नाही. निघताना तिला सांगितलं. “अगली बार लगवा देंगे, आंटीजी,” म्हणाली आणि माझ्या पिशवीत सहा सफरचंदं कोंबली.