आरटीई २५ टक्के ऑनलाइन प्रवेश: पालक म्हणून अनुभव

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्यानुसार खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांसाठी राखीव असतात. धाकटीचा पहिलीचा प्रवेश त्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून झाला. फॉर्म फुकट, १० शाळा निवडता येतात, सोडत राज्यस्तरावर. वशिल्याला जागाच नाही. हे मला फार मोठं वाटतं.

पैसा शाळेला न देता मुलाच्या मागे जाऊ द्यावा, ही अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनची १९५५ची कल्पना. आपल्याकडे ती अर्धीच उतरली आहे. सरकार खासगी शाळेला मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवतं आणि तेही वर्षानुवर्षं थकवतं. मग काही शाळा आरटीईतून आलेल्या मुलांकडे ओझं म्हणून बघतात. आमच्या शाळेने गणवेश आणि ‘उपक्रम शुल्क’ म्हणून पैसे मागितलेच. कायद्याने शिक्षण मोफत आहे, हे मी लेखी दिलं, तेव्हा शुल्क मागे घेतलं.

फेब्रुवारी २०२४मध्ये तर सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूटच दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, म्हणून गरिबाला निवड उरली.

अर्ज भरताना नकाशावर घराची खूण नीट, झूम करून लावा. अंतर त्यावरूनच मोजतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

पाचपैकी साडेतीन.