बिडाची कील आणि हिंगण्याचे वर्कशॉप

नागपुरात शिडाची बोट बाळगणाऱ्याची मोठी अडचण अशी, की तिचा तळ दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडत नाही. माझी बोट सोळा फुटी, फायबरची आणि बरीच जुनी आहे. वाऱ्याच्या दाबाने ती आडवी सरकू नये आणि कलली तर पुन्हा सरळ व्हावी, यासाठी तिच्या तळाखाली बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जड पाते आहे. हीच तिची कील. ती एका पिनवर फिरते, त्यामुळे उन्हाळ्यात जलाशय आटला की वर उचलता येते.

या पिनचे भोक झिजून अंड्याच्या आकाराचे झाले होते आणि लाट आली की तळातून टकटक आवाज येई. आधी एका ठिकाणी नायलॉनचा बुश, म्हणजे भोकात बसणारी आणि पिनला धरणारी नळी, बसवून घेतला, परंतु नायलॉन पाणी शोषून फुगते, तसा तो फुगला आणि कील अर्ध्यावरच अडकून बसली.

अखेर मे महिन्यात कील हिंगणा एमआयडीसीतील जॉबवर्क करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तेथील मिस्त्रींनी भोकात हाताचे बोट फिरवले, व्हर्नियर लावून एका बाजूने 21 आणि दुसऱ्या बाजूने 26 मिलिमीटर असे माप घेतले आणि वेल्डिंगने भोक भरून द्या ही माझी सूचना स्पष्ट नाकारली. वेल्डिंग थंड होताना बिडाला लगतच तडा जातो, असे त्यांनी समजावून सांगितले. त्याऐवजी भोक 30 मिलिमीटरपर्यंत बोअर करून त्यात डेलरिनचा बुश बसवला. डेलरिन हे टणक प्लास्टिक पाण्यात फारसे फुगत नाही. बोटीचे काम त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते, तरीही हा निर्णय अचूक ठरला.

गंज ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून, काढला आणि उघडा धातू रात्रभर न ठेवता त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला. आपल्याकडची मे महिन्यातील कोरडी हवा या कामाला फार अनुकूल असते. मात्र तापमान दहा अंशांनी वाढले की इपॉक्सी घट्ट होण्याआधी हाताळण्याचा अवधी साधारण निम्म्यावर येतो, म्हणून इपॉक्सी पुट्टीचे काम पहाटे पाचला सुरू करण्याची माझी विनंती त्यांनी मानली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पात्याला नवा आकार देण्यासाठी मी प्लायवूडचे साचे दिले होते: पुढची कड गोलसर, सर्वाधिक जाडी पुढून रुंदीच्या 30 टक्क्यांवर आणि तेथून मागे निमुळते. साचा लावून पाहिला तेव्हा कुठेही नखाएवढीही फट दिसली नाही.

तक्रारी दोन आहेत. काम ठरल्यापेक्षा दहा दिवस उशिरा मिळाले आणि मागची कड त्यांनी सवयीने घासून गोल केली. ती काटकोनात कापलेली असावी लागते, नाहीतर पाण्याचा प्रवाह पात्यापासून नीट सुटत नाही आणि वेगात पाते थरथरते. ती कड मी घरी कानशीने नीट केली. टकटक आता पूर्ण थांबली आहे आणि कील एका हाताने दोरी ओढून वर येते. कोणी आपली कील तेथे नेणार असेल, तर मागच्या कडेचे रेखाचित्र काढून सोबत द्यावे.