स्क्रॅच ज्युनिअर आणि स्क्रॅच : कोणत्या वयाला काय द्यावे?

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली आलेले स्क्रॅच ज्युनिअर हे पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रामिंग शिकवणारे ॲप विनामूल्य असून, त्यातील ठोकळ्यांवर अक्षरांऐवजी चित्रे असल्यामुळे वाचन अजून कच्चे असलेली आमची पहिलीतली भाची बाणांचे ठोकळे जोडून पडद्यावरचे मांजर बिनदिक्कत चालवते. (ते मुख्यतः टॅबलेटवर चालते.) आठ वर्षांपुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात घडलेले स्क्रॅच हे त्याचेच मोठे भावंड द्यावे, कारण चले (गुणसंख्येसारखी बदलती माहिती साठवणारी नावे) आणि जर-तरच्या अटी त्यात नीट हाताळता येतात, शिवाय रत्नागिरीत पावसाळ्यात इंटरनेट वरचेवर जाते, तेव्हा संगणकावर आधीच उतरवून घेतलेली त्याची ऑफलाइन आवृत्ती फार उपयोगी पडते. तिसरीतल्या मुलांना थेट पायथन ही अक्षरे टाइप करून लिहायची प्रोग्रामिंग भाषा शिकवणाऱ्या इथल्या एका शिकवणीची फी मात्र आम्हाला अनाठायी वाटली, कारण कंस आणि अवतरणचिन्हे शोधण्यातच त्यांचा निम्मा तास जात असे.